बॉनेट सुटेना

मूर्तींच्या कारखान्यात निंबामामांनी सव्वीस वर्षं रबराचे साचे केले. सोंड कितीही वळलेली असो, साचा पायमोज्यासारखा सोलून काढायचे. कारखाना बंद पडला, तेव्हा भाची नूतन त्यांना सुरतजवळच्या सचिन गावी घेऊन आली. तिथे ती गाड्यांचे कार्बन फायबरचे भाग बनवायची.

तिथल्या शेठनी मामांना आधीच सांगितलं होतं, "काका, एक साचा करून दाखवा. नीट सुटला तर कायमचे तुम्ही. नाहीतर मशीनवर कोरून मागवतो."

काम बॉनेटच्या साच्याचं. इंजिनाची गरम हवा बाहेर पडावी म्हणून त्याला सहा फटी, आणि प्रत्येक फटीवर मागे कललेली एक पट्टी. गिऱ्हाइकाने नमुना म्हणून एकुलतं एक बॉनेट दिलेलं. मामांनी त्यावर मेण घासलं, आणि आता काचेचं कापड नि कडक होणारं रेझिन चढवायचं.

"मामा, फटींपुरते सुटे तुकडे करा ना," नूतन म्हणाली. "मग स्क्रू काढले की वेगळे निघतील."

"तू जनमाले येवाना पह्यलेपाईन साचा काढस मी!" मामा हसले. अख्खा साचा त्यांनी एकसंध केला.

आज काढायचा दिवस. कडेला लाकडी पाचरी ठोकल्या. फट्!

"सुटी गया वं!" मामांनी टाळी वाजवली.

सुटल्या फक्त कडा. मधला भाग हलेना. हवा मारली, गरम पाणी ओतलं, रबरी हातोडा घातला. छे!

"काका, आ कांई गणपति नथी," शेठ म्हणाले, "ते आवता वरसे पाछो आवे."

'पुढच्या वर्षी लवकर या'वरच्या या टोमण्याला कामगार हसले. मामाही हसले, उशिरा.

नूतनने खाली वाकून बॅटरी मारली. "मामा... पट्ट्यांच्या मागे रेझिन शिरून कडक झालंय. सहाही ठिकाणी आकड्यासारखं धरलंय."

"रबर ऱ्हातं तर वाकी जातं..." एवढंच म्हणाले मामा.

"साचा कापा," शेठ म्हणाले. "बॉनेट परक्याचं आहे."

"शेठ, एकदा गरम पाणी..."

"तीनदा ओतलंत."

"मग कापून जोडतो. फटींचे तुकडे वेगळे करतो, आता समजलं मला..."

"काका," शेठचा आवाज खाली आला, "मशीनवाल्याला सकाळीच सांगून टाकलं मी."

मामांनी पाचरी गोळा करून बाजूला ठेवल्या.

नूतनने ग्राइंडर उचलला. चालू मात्र करवेना. "मामा, तुम्ही बाहेर जाऊन बसा ना. चहा घ्या."

"मंग धरी कोन? पातं सरकनं तर त्यासनं बॉनेट जाई."

ते गुडघ्यांवर बसले. दोन्ही पंजांनी साचा दाबून धरला आणि बोटाने एक रेघ दाखवली.

"आठेन काप, पोरी. आठे पातळ शे."