दोन साडू आणि हरायची घाई

हरायलासुद्धा अंगात काही गुण लागतात आणि ते माझ्यात नाहीत, हे मला नवीन पनवेलमध्ये, आमच्या कॉलनीच्या मैदानावर, सगळ्या सासरच्या माणसांसमोर कळलं.

मी आणि माझे साडू प्रकाशराव एकाच कॉलनीत, समोरासमोरच्या बिल्डिंगमध्ये राहतो. (बायकोच्या बहिणीच्या समोर फ्लॅट घेऊ नये. घेतलाच तर आधी पडदे घ्यावेत.) दोघांनाही अमेरिकेतल्या बास्केटबॉलचं वेड. तिकडच्या रात्रीच्या मॅचेस इकडे सकाळी दिसतात, त्यामुळे आमच्या घरी दूध उतू जातं ते बहुतेक शेवटच्या क्वार्टरमध्ये! मॅच संपली की चहा, खारी आणि तिथल्या कोचची खरडपट्टी. "टाइमआउट आधी नको घ्यायला?" "त्या म्हाताऱ्याला बसवा हो बाकावर!" आम्ही इतक्या तावातावानं बोलतो, जणू कोचनं आम्हाला विचारून टीम उतरवायचं कबूल केलं होतं आणि आज नेमका विसरला. स्वतः आम्ही दोघंही कधी खेळलेलो नाही. माझा नेम असा की कचऱ्याची पिशवीसुद्धा मी डब्यात नेऊन ठेवतो, लांबून टाकायची हिंमत करत नाही.

तरीही कॉलनीतल्या मुलींच्या एका टीमचा मी कोच आणि दुसरीचे प्रकाशराव. (पात्रता: रविवारी सकाळी मोकळा असणे आणि शिट्टी स्वतःची असणे.) दरवर्षी ज्या नव्या मुली खेळायला येतात, त्यांना सगळ्या टीम आळीपाळीनं निवडून घेतात. आधीच्या वर्षी जी टीम सगळ्यात खाली, तिची निवड पहिली. हा नियम अमेरिकेतून आम्ही दोघांनीच आणला. दुबळ्यांची इतकी काळजी बघून कमिटीला आमचं कोण कौतुक!

यंदा आमच्या दोन्ही टीम बाकीच्या सगळ्या मॅचेस हरल्या. शेवटची मॅच आम्हा दोघांतच. जो हरेल तो तळाला, म्हणजेच पहिली निवड त्याची. आणि त्याच महिन्यात जासईहून म्हात्रे कुटुंब आमच्या कॉलनीत राहायला आलं. त्यांची तन्वी आठवीत, आणि उंची अशी की जिन्यातला बल्ब स्टुलाशिवाय बदलते. माझ्या डोळ्यांसमोर पुढच्या वर्षीचा कप चमकायला लागला.

"प्रकाशराव," मी खारी बुडवत म्हणालो, "हे टँकिंग, म्हणजे पुढच्या फायद्यासाठी मुद्दाम हरणं, वाईटच नाही का?"

"वाईट? अधःपतन आहे हो! प्रेक्षकांची फसवणूक!"

"खेळाडूंच्या घामाशी बेइमानी!"

"छे छे, आपल्याकडे असलं चालणार नाही!"

दोघांनीही एकमेकांकडे न बघता कप खाली ठेवले.

घरी मी बायकोला, मानसीला, विश्वासात घेतलं. "हे रीडेव्हलपमेंटसारखं असतं. आधी जुनी बिल्डिंग पाडायची, मग टॉवर उभा राहतो."

"आणि टॉवर होईपर्यंत भाड्याच्या खोलीत कोण राहणार?" मानसी म्हणाली. "इराला सांगितलंयस हे?"

इरा आमची मुलगी आणि माझ्या टीमची कॅप्टन. खेळायला लागल्यापासून ती एकही मॅच जिंकली नव्हती. (वडील कोच आहेत, दुसरं काय होणार!) रोज संध्याकाळी ती गच्चीवर पाण्याच्या टाकीला चुकवत ड्रिबल करायची. पुढच्या वर्षी तिची दहावी. त्या वर्षात बॉलला हात लावायचा नाही, असा हुकूम मीच सोडला होता. म्हणजे ही तिची शेवटची मॅच. घरातल्या कामवाल्या मावशींनासुद्धा ते ठाऊक होतं. मलाही होतं, पण माझं लक्ष दूरवर होतं ना!

"बाबा, ही एक तरी जिंकू ना रे?" आदल्या दिवशी तिनं बुटांच्या नाड्या धुता धुता विचारलं.

"टीमच्या हिताचं जे असेल ते करू," मी म्हणालो.

रविवारी मैदानाभोवती खुर्च्या मांडल्या होत्या. सासूबाई, सासरे, मेव्हणे, सगळे हजर. मी इराला बाकावर बसवलं. "तुला शेवटी उतरवतो, दम राखून ठेव." समोर प्रकाशरावांनीही त्यांची सगळ्यात चांगली खेळाडू बसवली. "पाय मुरगळलाय तिचा," ते म्हणाले. ती मुलगी मागे दोरीवरच्या उड्या मारत होती.

मॅच सुरू झाली आणि बॉल हळदीकुंकवातल्या वाणासारखा हातोहात फिरायला लागला. "पास करा, पास!" प्रकाशराव ओरडले. "घाई नको, बास्केटकडे बघूच नका!" मी ओरडलो. रेफरी होते निवृत्त पीटी शिक्षक गायकवाड सर. ते शिट्टी तोंडातून काढून म्हणाले, "अहो, बॉल तिथे टाकायचा असतो, वर! ते गोल दिसतंय ना, त्यात!"

तेवढ्यात प्रकाशरावांच्या एका चिमुरडीनं कंटाळून बॉल भिरकावला आणि तो थेट बास्केटमध्ये! मेव्हणीबाईंनी, म्हणजे त्यांच्याच बायकोनं, टाळ्या पिटल्या. "अहो, आपला गुण झाला!"

"दिसतंय मला!" प्रकाशराव डोकं धरून खेकसले.

मी मात्र आनंदानं उडीच मारली. "शाब्बास पोरी! अशीच खेळ!" सासरे शेजाऱ्याला म्हणाले, "बघा, याला म्हणतात खिलाडूवृत्ती. आमचे जावई!" मला जरा गुदगुल्या झाल्या, हेही सांगून टाकतो.

प्रकाशरावांनी लगेच टाइमआउट घेतला आणि मुलींच्या कानात काहीतरी पुटपुटले. परत येताच त्यांच्या मुलीनं वळून आपल्याच बास्केटमध्ये बॉल टाकला. गुण आम्हाला! एकदा झालं, चूक म्हणून सोडलं. पुन्हा तेच! मला राहवेना. मी आत धावलो. "सर, फाउल! हा गुण धरू नका!"

"अहो शेखरराव, तुमचाच गुण वाढलाय!"

"म्हणूनच तर!"

गायकवाड सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग प्रकाशरावांकडे. एवढ्यात खुर्च्यांतून तन्वीची आई उठली.

"ओ दादा, आमचे तन्वीसाठी चाललाय का ह्यो सगला खेल? तरीच दोगंपन येगयेगले पेढे घेऊन आले व्हते घरी! अरे, माजी पोर बास्केटबॉल खेलतच नाय! ती वॉलीबॉलवाली हाय!"

पेढे प्रकाशरावांनीही नेले होते! मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. (माझे पेढे महागाचे होते, हे त्या क्षणीही मनात येऊन गेलं.)

पण खरी मॅच पुढेच होती. इरा बाकावरून उठून माझ्यासमोर आली.

"बाबा, म्हणजे मला दम राखायला नाही बसवलंस."

"अगं, पुढच्या वर्षी आपली टीम बघ कशी..."

"पुढच्या वर्षी मी कुठेय टीममध्ये?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं अगदी हळू विचारलं, आणि ते सगळ्यांनी ऐकलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. सासरे चष्मा पुसायला लागले, म्हणजे माझ्याकडे बघायला नको.

"दोन्ही कोच बाहेर!" गायकवाड सर गरजले. आम्हा दोघांना जाळीच्या पलीकडे, स्कूटर लावतात तिथे उभं केलं. माझी शिट्टी मानसीनं मागून घेतली आणि समोरून तिची ताई पदर खोचून उतरली. दोघी सख्ख्या बहिणी, पण अशा भिडल्या की मुलींना खेळण्यावाचून गत्यंतरच उरलं नाही! इरा धावली, पडली, गुडघा फुटला, पुन्हा उठली. शिट्टी वाजायच्या जरा आधी तिनं शेवटची बास्केट केली आणि माझी टीम, म्हणजे मानसीची टीम, जिंकली.

सगळे तिच्याभोवती नाचत होते. मी जाळीतून बोटं घालून टाळ्या वाजवायचा प्रयत्न केला. तशा वाजत नाहीत. शेवटी इरा जाळीपाशी आली. गुडघ्यावर माती, तोंडभर हसू.

"बाबा, खरं सांग. बरं वाटलं ना?"

"म्हणजे काय! खूप!" मी म्हणालो. माझे डोळे भरून आले होते, आणि ते खरोखरच आले होते. ती हसत आईकडे पळाली.

शेजारी प्रकाशराव खाकरले. इकडेतिकडे बघून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "शेखरराव, म्हणजे तळाला आम्हीच ना? पहिली निवड माझी ना?"

आणि लाज वाटते सांगायला, मला त्या माणसाचा हेवा वाटला!