सामंत बाईंची रानकेळ

सामंत बाई कुणालाही ‘ये’ म्हणत नसत. फाटकातल्या माणसाला त्या विचारत, “काय काम?” कणकवलीच्या कॉलेजात त्यांच्या हाताखाली वनस्पतिशास्त्र शिकवायला मी रुजू झाले, तेव्हा मलाही त्यांनी तेच विचारलं. आम्ही एकमेकींना आवडलो नाही आणि ते कधी लपवलंही नाही.

मसुरे गावात त्यांच्या घरामागच्या परड्यात बियांची रानकेळ होती. दगडी गडग्याच्या पलीकडे चुलतभाऊ बाबलची मुठेळी केळींची बाग. “तुझ्या परागान माझ्या केळींत बियो धरतल्यो!” तो ओरडायचा. भांडताना बाई त्याच्याशी मुद्दाम शुद्ध मराठीत बोलत.

एकदा त्यांनी मला सूक्ष्मदर्शक घेऊन बोलावलं आणि बाबलला ओट्यावर बसवलं. दोन्ही केळफुलांतले पराग रंगवून त्याला दाखवले. रानकेळीचे गोल, भरलेले, लालभडक. मुठेळीचे बहुतेक फिकट, कुणी थोराड, कुणी चिमटलेले.

“रानकेळीत गुणसूत्रांचे दोन संच. जोड्या जुळतात, पराग जिवंत होतो,” बाई म्हणाल्या. “तुझ्या मुठेळीत तीन. तिसऱ्याची जोडी लागत नाही, वाटण्या चुकतात. फूल मोठं, पराग पोकळ. म्हणून तुझ्या केळ्यात बी नाही. कळलं?”

बाबलने डोळा वर केला. “म्हणजे तुझो पराग जिवंत. मगे माझ्या फुलार पडलो तर बी धरूचीच नाय, असा चार माणसांत सांगशीत?”

बाई काचपट्टी काढून पुसू लागल्या. मी पुटपुटले, “बाई, सांगा ना. वाद मिटेल.”

“खोटं बोलायचं तर तुझ्या घरी जाऊन बोल!” त्या माझ्यावरच उसळल्या. मग त्याला म्हणाल्या, “कधीच नाही, असं नाही सांगता येणार. क्वचित एखादी धरेलही.”

पुढच्याच आठवड्यात बाई कॉलेजात असताना बाबलने रानकेळ तोडली, गड्डेसुद्धा उपटले. बाई रडल्या नाहीत. त्याच्या दारात जाऊन एवढंच म्हणाल्या, “माझ्या मयताला येऊ नकोस.” तो आला नाही.

बाईंच्या बाराव्याला मसुऱ्याला गेले, तेव्हा तो बागेत पानं कापत होता. मला राहवलं नाही. “बाबलकाका, कधी बी सापडली का हो?”

“एकय नाय.”

“मग तोडलीत कशाला?”

“बी धरात, असा ती म्हणाली म्हणान,” तो चिडून म्हणाला. “ती कधी खोटा बोलूक नाय.”