कूलरपुढचा पोस्टमन

त्या काळी माझ्याकडे एकवीस डबे होते. लोकांना मी चाळीस सांगायचो. चहाच्या बशीएवढे पत्र्याचे डबे, आणि प्रत्येकात करंगळीच्या नखाएवढी रुंद फीत गुंडाळलेली. परदेशातल्या जुन्या, मुक्या विनोदी चित्रपटांच्या घरी बघायच्या या छोट्या प्रती. कुणी साहेब बदली होऊन जाताना माळ्यावर टाकून गेलेला, कुणा भंगारवाल्यानं झाकण म्हणून वापरलेला, असा एकेक डबा मी शोधून आणला. एकासाठी नागपूर ते पुसद एसटीत उभा आलो, हे खरं. डबा डोक्यावर धरून आलो, हे नंतर माझं मीच जोडलेलं.

या वेडात मला एकच साथीदार होता, महागावचा एक मेकॅनिक. मी त्याला उस्ताद म्हणायचो, तो मला बाबू, कारण मी पुसदच्या एका कचेरीत बाबूच होतो. प्रोजेक्टर त्यानंच तयार केलेला. आत स्कूटरचा दिवा, खाली बॅटरी आणि मोटारीच्या जागी शिलाई मशीनचं हातानं फिरवायचं चाक. वीज असो नसो, उस्तादचा हात फिरला की पडद्यावर माणसं पळायची. या यंत्रावर विमानसुद्धा उडेल, असं मी पुसदभर सांगून ठेवलं होतं.

त्याची बायको, आमची भाभी, जन्मापासून बहिरी. टॉकीजमधले बोलपट तिच्या काय कामाचे? पण मुका चित्रपट आम्हाला जेवढा कळायचा तेवढाच तिला, किंबहुना आमच्याआधी. म्हणून त्यांच्या घरी एक रिवाज पडला होता. ईदच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, खिडक्यांना गाद्या लावून अंधार करायचा आणि पोस्टमनचा चित्रपट बघायचा. गाद्यांना तोटा नव्हता. भाभी पिंजाऱ्याची लेक, गाद्या भरणं हाच तिचा धंदा.

चित्रपटात एक लांबडा पोस्टमन आणि पत्र गिळून पळालेलं एक बदक, एवढंच. पहिला भाग माझ्याकडे होता, दुसरा उस्तादकडे. शेवटी पोस्टमन शिडीवरून धोब्याच्या टपात पडतो आणि बाहेर निघतो तेव्हा डोक्यावर टोपीऐवजी ते बदक बसलेलं. तिथं भाभी हसायची. पोट धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वर्षातून एकदा.

ती वर्षं कापसाची वाईट होती. उस्तादच्या दुकानात पूर्वी रेडिओ गात असत. आता फक्त फवारणीचे पंप दुरुस्तीला येत आणि दुकानभर औषधाचा वास. गाद्या तर कुणी भरूनच घेईना. चहाच्या टपरीवर मी थाप मारली तर कुणी खोडूनही काढत नव्हतं. थापाड्याला याहून वाईट दिवस कोणते?

त्या वर्षी होळीनंतर उस्तादनं त्याचा भाग मला दिला. "दोन्ही भाग एका चकरीवर जोडून द्या बाबू. भाग बदलाले मधात थांबा लागते तं भाभीचा मूड जाते."

मी तो जिवापाड जपला. आमच्याकडचा उन्हाळा असा की कोंबडी उकडलेलंच अंडं घालते. उन्हानं फीत आकसते, वाकडी होते, हे मला ठाऊक. म्हणून घरातली सगळ्यात थंड जागा मी त्या डब्याला दिली. कूलरच्या तोंडासमोर स्टूल, त्यावर डबा, आणि फितीला हवा लागावी म्हणून झाकण किंचित उघडं. बायको म्हणाली, "आमी घामानं पाझरून राह्यलो अन् पोस्टमनले कूलर?" मी म्हणालो, पाहुणा आहे तो. पावसाळ्यात कूलर बंद झाला आणि डबा कपाटामागं गेला. जोडायचं काम उद्यावर, मग परवावर.

दिवाळीच्या झाडझुडीत डबा हाती आला. ईद त्या वर्षी दिवाळीमागोमागच होती. झाकण काढलं तर कूलरच्या ओल्या वाळ्याच्या ताट्यांचा कुबट वास आला आणि फितीवर पांढरी बुरशी, थेट लोणच्यावर येते तशी. अडीच महिने मी त्या पोस्टमनला ओली हवा पाजत होतो. घाईघाईनं कापसाचा बोळा पाण्यात बुडवला आणि फीत पुसायला घेतली. बुरशी निघाली. छान निघाली. बोळा उलटून बघितला तर त्यावर चित्रांचा काळपट थर, आणि फीत उजेडात धरली तर काचेसारखी स्वच्छ. बुरशीबरोबर शिडीवरची चढाई गेली होती, टप गेला होता, बदकही गेलं होतं. नेमका शेवट मी बोळ्यानं पुसून काढला होता.

पुढचे आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. मी थापा जुळवत बसलो. माकडानं नेला. पुराच्या पाण्यात गेला, पण यंदा पूरच कुठं आला होता? साहेबांच्या पोरानं कापला. आयुष्यभर फुकटात थापा वाटलेल्या या माणसाला गरजेच्या वेळी एकही धड थाप सुचेना. उरलेली फीत माझ्या भागाला जोडली. पुसलेला तुकडाही तसाच जोडला, का ते कळत नव्हतं. बोळाही फेकवेना; तोही डब्यात ठेवला.

ईदच्या दुसऱ्या दिवशी महागावच्या एसटीत बसलो. रस्त्यानं कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, बैल सोडून माणसं सावलीला बसलेली. डबा मांडीवर, आणि वाटत होतं, ही एसटी पंक्चर व्हावी. ती कधी नव्हे ती वेळेवर पोचली.

"या बाबू. काहून तोंड उतरलं? उपास आमचा होता का तुमचा?" उस्ताद दारातच होता. खिडक्यांना गाद्या लागलेल्या. मग हळूच म्हणाला, "ती सकाळपासून आवरून बसली आहे. चार महिने झाले, तिचं काम बंद. नुसती भिंतीकडे पाह्यते. आज हसली तं माह्या घरात ईद झाली म्हणाची."

मी डबा छातीशी धरून आत गेलो.

भाभीनं शीरखुर्म्याची वाटी ठेवली आणि डबा हातात घेतला. उघडला. हुंगला. माझ्याकडं बघितलं, एक बोट हवेत पंख्यासारखं फिरवलं आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी पाणी ठिबकवलं.

"काय म्हणते?" मी विचारलं, कळूनही.

"म्हणते, कूलर," उस्ताद म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला. "बाबू, कूलरपुढं ठेवला का?"

मग मी सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच मीठमसाला न लावता. उस्ताद ऐकत होता, पण हातवारे करून भाभीला काही सांगत नव्हता. तिनं बोळा उचलला, चिमटीत ओढून धागा काढला, नाक मुरडलं आणि बोटं हलवली.

"म्हणते, कापूसही हलका वापरला."

मला हसावं की रडावं कळेना. शेवट गेला, हे तिला समजलं होतं की नाही, तेही कळेना. विचारायची हिंमत दोघांतही नव्हती.

उस्ताद प्रोजेक्टरजवळ बसला आणि चाक फिरवू लागला. पोस्टमन धावला, बदक पळालं. दुसरा भाग सुरू झाला तशी पडद्यावर बुरशीची पांढरी फुलं फुटू लागली. पोस्टमनचा एक गालच गायब. भाभीचा चेहरा दगडासारखा. शिडी आली. पोस्टमननं पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि पडदा पांढरा झाला. नुसता उजेड.

मी डोळे मिटून घेतले. चाक मात्र थांबलं नाही, खटखट चालूच. डोळे उघडून भाभीकडे बघितलं, तर ती पडद्याकडे बघतच नव्हती. ती उस्तादकडे बघत होती. यंत्राच्या फटीतून गळणारा दिव्याचा उजेड त्याच्या तोंडावर पडला होता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ती दरवर्षी याच जागी, याच कोनात बसायची. उस्तादचं जे हसू मला ऐकू यायचं, ते तिला बघावं लागायचं.

उस्तादला ते ठाऊक असावं. त्यानं चाकाचा वेग तोच ठेवला आणि कोऱ्या पडद्यासमोर, मनातल्या मनात शिडी चढवून, टप येईल तिथं अचूक हसला. मोठ्यानं, दात दाखवून, मान मागं टाकून. भाभी क्षणभर बघत राहिली. मग भिंतीला टेकली, पोट धरलं.

उस्तादनं चाक थांबवलं. तोंड माझ्याकडं वळवून, पाठ तिच्याकडं ठेवून तो म्हणाला, "यंदा जमलं, बाबू. पुढच्या वर्षी असं टायमावर हसता येईन का?"

निघताना दोन्ही भागांची ती चकरी मी तिथंच ठेवली. भाभीनं डबा उचलला, आधी पुन्हा हुंगला, मग फडक्यानं पुसून लोखंडी कपाटात, कोरड्या कपड्यांच्या घडीखाली ठेवला.