ताईंना मी हाक मारली

नवऱ्यालाही हे ठाऊक नाही. लेकीला सांगायला एकदा तोंड उघडलं होतं — मग चहाचंच विचारलं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही ताईंना पाहिलेलं नाही.

ताई म्हणजे माझी थोरली जाऊ. परतवाड्याजवळच्या गावात आमची घरं भिंतीला भिंत लागून. बकऱ्या माझ्या होत्या. पण एखादी विताना अडली की हात ताईंचाच लागायचा.

त्या वर्षी बकऱ्या एकामागून एक गाभडू लागल्या, दिवस भरायच्या आधीच पिल्लं पडायची. जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला नेलं. परत आले तेव्हा घरात मी एकटीच. म्हणाले, जंतूंचा आजार आहे, माणसालाही ताप येतो. विल्यावर पडणारी वार, रक्त उघड्या हातानं शिवू नका, शेजाऱ्यांनाही सांगा. मी मान डोलावली. आणि सांगितलं कोणाला? कोणालाच नाही. बकऱ्या गावाबाहेर काढायला लावतील, बाजारात कोणी हात लावणार नाही — एवढंच डोक्यात.

पण हे एवढंच असतं, तर — नाही, सांगतेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी आणखी एक बकरी अडली. हात घालायची मला भीती वाटली. मी भिंतीपाशी गेले आणि हाक मारली, "ताई, या ना. मले जमून नाही राहिलं."

ताई कणकेचे हात धुऊन आल्या. "सरक," म्हणाल्या आणि बकरीमागं बसल्या. मी लांब उभी राहिले. एका शब्दाचं काम होतं. का नाही बोलले मी?

मग गल्लीत ताप पसरला. सगळ्यांत जास्त ताईंनाच झाला, छातीत उतरला. जीव वाचला, पण पहिल्यासारखा दम काही राहिला नाही.

कित्येक वर्षांनी त्यांच्या गळ्याशी गाठी आल्या. अमरावतीला तपासलं — लिम्फोमा, गाठींचा कॅन्सर. डॉक्टरांनी विचारलं, पूर्वी जनावरांपासून काही आजार झाला होता का? ताईंनी माझ्याकडं पाहिलं. उत्तर मीच दिलं, "नाही जी. साधा ताप होता."

पुढे अकोल्याला लेकीकडे गेले, तेव्हा एका डॉक्टरांना एकटीच जाऊन भेटले. त्या तापानं असं होतं का? ते म्हणाले, ही शंका पुष्कळांनी घेतली आहे. कुठं थोडा संबंध दिसला, कुठं दिसला नाही; एका माणसाबद्दल तर काहीच सांगता येत नाही. मला हायसं वाटलं. हो, वाटलं — रस्त्यावर येऊन मी उसाचा रस प्याले. पण हाक मारली तेव्हा शंका कसली होती? ताप येतो, हे तर मला डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

शेवटचे महिने ताईंचं सगळं मीच केलं. भेटायला येणाऱ्यांना त्या सांगायच्या, "इनं माहं पोटच्या पोरीवानी केलं." मी खाली बघायचे. लोकांना तो माझा साधेपणा वाटायचा.

ताई गेल्या, त्या तेच मानून गेल्या.