कान हुंगणारी भागाबाई

माझी सासू भागाबाई घरात आलेल्या लेकराचं डोकं आधी मांडीवर दाबायची आणि कान हुंगायची. मग बोटांच्या बेचक्या पाहायची, जबड्याखाली चाचपायची. कान पिकलाय, खरूज झाली, घसा सुजलाय, हे ती लगेच सांगे आणि बहुधा ते खरं निघे. उपाय मात्र वाईट. खरूज विटेच्या तुकड्यानं रक्त येईपर्यंत घासायची. सुजल्या घशात मीठ लावलेलं बोट घालायची. लेकरू किंचाळलं की म्हणायची, "रडते म्हंजे जितं आहे." नागपुरातल्या आमच्या कोष्ट्यांच्या गल्लीत तिला कुणी अडवत नसे.

माझ्या सुमीचे दोन्ही कान लहानपणापासून वाहायचे. मी सरकारी दवाखान्यात न्यायचं म्हटलं, तर सासू म्हणाली, "वाहू दे वं. डोक्यातली घाण निघून राहिली." लसूण जाळलेलं गरम तेल ती कानात ओतायची आणि माझा नवरा पोरीचे पाय धरायचा. पुढे कान वाहायचे थांबले, सुमी रडेनाशी झाली. पोरगी बरी केली म्हणून सासू गल्लीभर सांगत सुटली.

आमच्या घरात दोन माग. त्या खटखटीत आम्ही सगळेच समोर येऊन, हातवारे करून बोलायचो. सुमीही तशीच. एकदा सूत आलं नाही, माग बंद पडले. मी सुमीला मागून हाक मारली. ती वळली नाही. तिच्या पाठीशी थाळी आपटली. दारातलं कुत्रं पळालं. सुमी शेंगा फोडत राहिली.

"मुद्दाम करून राहिली," म्हणून सासूनं तिला थोबाडीत दिली. मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं सांगितलं, कानाचे दोन्ही पडदे गेले, आधी आणायचं होतं. ते ऐकून सासू म्हणाली, "बरं झालं. आता माह्या शिव्या तिले ऐकू येत नाही."

सासूनं अंथरूण धरलं तेव्हा गल्लीतलं कुणी फिरकलं नाही. खाटेशी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायची ती फक्त सुमी. तिला शिव्यांचा त्रास नव्हता.

त्या दुपारी नवरा लुगडी द्यायला बाजारात गेला होता, माग बंद होते. सुमी पाठमोरी होती. सासू म्हणत होती, "सुमे, पाणी दे वं." पुन्हा, "सुमे." मी दाराशी चरखा फिरवत होते. सगळं ऐकू येत होतं. हाक मारते म्हणजे जिती आहे, असं म्हणून मी हातातली कांडी पुरी केली. मग दुसरी घेतली.

हाका थांबल्यावर उठले. सुमी अजून कांड्याच भरत होती.