पंधरा किलोंचा डबा

काल शेंगतेलाचा नवा डबा फोडला आणि त्या वासासरशी मी बमरोलीच्या आमच्या जुन्या चाळीत, ओट्यावर जाऊन बसले.

तेव्हा आम्ही सगळ्याजणी तेलाच्या लिटरच्या पिशव्या आणायचो. पाच घरांनी मिळून डबा घेतला तर स्वस्त पडेल, हे मीच सगळ्यांना पटवलं होतं. पैसे पाचजणींचे, शब्द माझा. ओट्यावर पाच बरण्या मांडून मी लिटरच्या मापाने तेल ओतायला लागले. प्रत्येकीला तीन लिटर.

शेजारच्या सखूजिजी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "शेवटली बरणी मनी शे. कमी पडनं ते कोन देई?"

"माझ्या बरणीतून देईन, जिजी."

"मास्तरीनबाई, सगळा आयकी ऱ्हायनात, बरं का!"

डबा किलोवर मिळतो, पिशवी लिटरवर. तेल पाण्याहून हलकं, म्हणजे पंधरा किलोंत पंधरा लिटरहून जास्तच भरायला हवं. हे मी कागदावर मांडलं होतं, डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

पंधरावं माप जिजींच्या बरणीत पडलं. मी डबा हलवला. आत तेल चांगलं डुचमळलं. मोजलं, तर लिटरभराहून जास्तच!

त्या तेलात जिजींनी लगेच कांदाभजी तळली. वाचलेले पैसे आज किरकोळ वाटतात. तेव्हा मात्र मी ताठ मानेने बसले होते. जिजींनी पहिला घाणा माझ्यापुढे ठेवला.

"खाय, माय. आते साखरनं पोतं बी असंच लयसूत. वाटनी तूच करजो."