बिनझाकणाचं ताजीन

मला लिहायची सवय नाही, आणि आता डाव्या हाताने लिहावं लागतं. पण शशीबद्दल दुसरं कोण लिहिणार, म्हणून हा प्रयत्न.

शशी माझी बायको. शहात्तर साली लग्न करून साताऱ्याहून कॉव्हेंट्रीला आली. बावीस वर्षं शाळेच्या किचनमध्ये राबली. आम्हाला मूलबाळ नाही. रिटायर झाल्यावर ती पोहायला शिकणार होती, तेवढ्यात माझी उजवी बाजू गेली. त्याला सहा वर्षं झाली. एकदा ती दूध आणायला गेली असताना मी खुर्चीतून उठलो आणि पडलो. तेव्हापासून ती मला एकटं ठेवत नाही.

फक्त गुरुवारी दोन तास मला सांभाळायला केअरर येते. तेवढ्यात चालत जाऊन येण्यासारखं एकच ठिकाण, कम्युनिटी सेंटर. तिथे गुरुवारी मोरोक्कन भांडी करायला शिकवतात. शशीला मातीची हौस नव्हती, नुसतं बाहेर पडायचं होतं. पण परत यायची ती नखांत माती घेऊन, बोलत बोलतच.

शिकवणारी हलीमा मोरोक्कोच्या डोंगरातली. चाक नाहीच; मातीच्या वळ्या एकावर एक चढवायच्या, गोट्याने घासून गुळगुळीत करायच्या. शेवटी ताजीन. खाली पसरट भांडं, वर उंच निमुळतं झाकण. एका गुरुवारी भांडं करून ओल्या फडक्यात गुंडाळायचं, पुढच्या गुरुवारी झाकण.

"माती वाळताना आकसते," शशी मला सांगायची. "दोन्ही बरोबरच वाळली तर झाकण बसतं. नाहीतर नाही."

झाकणाच्या, म्हणजे वर्गाच्या शेवटच्या गुरुवारी केअरर आली नाही. शशी कोट घालून खिडकीशी उभी.

"तू जा. मी खुर्चीतून हलणार नाही. शब्द देतो."

"मागच्या वेळीही शब्दच दिला होतात."

"फोन ठेव माझ्याजवळ."

"आणि पडल्यावर तो उचलणार कोण?"

अर्ध्या तासाने तिने कोट काढून ठेवला. मला हायसं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं खरं.

महिन्याने हलीमा भाजलेलं भांडं घरी घेऊन आली. याला आता झाकण जमणार नाही म्हणाली; सप्टेंबरात दोन्ही नव्याने करा. नव्या वर्गाचा फॉर्म ठेवून गेली.

त्या संध्याकाळी शशीने त्यात वांगं-बटाटा घातला, वर स्टीलची ताटली ठेवून तिच्यात पाणी ओतलं. "बघा, काही अडलं का?" भाजी छान झाली होती. ताटली मात्र शिजेपर्यंत खडखडत होती.

दुसऱ्या दिवशी ती अंघोळीला गेल्यावर मी फॉर्म भरला. अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं, असा एक रकाना होता. माझंच नाव घातलं.

तिने वाचलं आणि हसली. "म्हणजे तुम्ही येणार धावत?"

"येईन."

"कोणाच्या पायांनी?" मग हसू गेलं. "आणि परत केअरर आली नाही तर? घरात अर्धं भांडं एक आहे, पुरे झालं."

फॉर्म तिने फाडला नाही, फ्रिजवर लावला. उद्या शेवटची तारीख. आज गुरुवार, केअरर वेळेवर आली आहे. शशी कोट घालून दूध आणायला गेली. फॉर्मवर तिच्या सहीची जागा कोरीच आहे.